निळ्या पाटीवरची सावली

धुळे, ता. ४ फेब्रुवारी १९७४

प्रिय मित्र भिकमचंद यास,
जीवरामचा सप्रेम नमस्कार.

बायांच्या छातीच्या तपासणी-शिबिराचे सामान सुखरूप पोचले. एकही पाटी फुटली नाही. तुझ्या धर्मशाळेची वीज मात्र वाईट. शेजारच्या गिरण्या सुरू झाल्या की दाब पडतो, हे मी तुझ्या माणसाला सांगितले होते. त्याने मान हलवली आणि पंखा लावला.

तू भाषणात 'फोटोचे नवे यंत्र' म्हणालास, ते चूक आहे. एक्स-रेचे यंत्र एकच, किरणही तेच. फरक आहे तो किरण कशावर पडतात त्याचा. एक म्हणजे फिल्म, जी सगळ्यांना माहीत आहे. दुसरी म्हणजे माझी पाटी. तिच्यावर सेलेनियमचा मुलामा असतो, तिला आधी वीज भारून घ्यायची. किरण जिथे जास्त पडतील तिथली वीज उडते. मग बंद पेटीत निळी भुकटी उडवली की ती उरलेल्या विजेला चिकटते, आणि तिचा कागदावर छाप घ्यायचा. अंधारी खोली नको, वाळवणे नको. तरण्या बाईचे अंग फिल्मवर दुधासारखे पांढरे दिसते आणि गाठही पांढरीच. पाटीवर प्रत्येक कड आखून काढल्यासारखी उठते.

आमच्या डॉक्टरांचा भरवसा फिल्मवर, माझा पाटीवर. म्हणून तर कधी दवाखान्याची पायरी न चढलेल्या बाया दोन्हींवर तपासायच्या आणि कोणती सरस ते ठरवायचे, असे मुंबईच्या ट्रस्टने सांगितले. नियम कडक आहेत. एका बाईचे नाव जरी खोटे निघाले तरी त्या गावचा सगळा गठ्ठा बाद.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या गावचीच पहिली पाटी, सौ. प्रेमकुंवर वहिनींची, हिने निकाल लावला. डावी बाजू, वरचा बाहेरचा भाग. हरभऱ्याएवढी सावली, कडेला फाटे फुटलेले, आत मीठ सांडल्यासारखे कण. फिल्मवर तिथे काहीच नाही. सिस्टरांच्या हातालाही लागले नाही. याचा एक अर्थ असा की पाटी जिंकली. दुसरा असा की वहिनींना लवकर धुळ्याला आण. एवढ्यात काढून टाकले तर बाई नातवंडे पाहते. उशीर झाला तर पाहत नाही.

शेठाणी पुढे झाल्या म्हणून तुझ्या जिनिंगमधल्या बाया मागून आल्या, हे मी डॉक्टरांनाही सांगितले. मी पडद्यामागे होतो आणि घूंघट हनुवटीपर्यंत होता, त्यामुळे फक्त हात दिसले. राखेने उललेले. एवढ्या घरची बाई भांडी स्वतः घासते, हे पाहून तुझ्या घराबद्दल आदर वाटला.

तुझा,
जीवराम

---

जळगाव, ता. १२ फेब्रुवारी

जीवा,
जय जिनेंद्र.

फैजपूरच्या शाळेत होतास तसाच राहिलास. चित्रकलेच्या तासाला सगळ्यांनी केळीचे झाड काढले. तू एका पानाच्या शिरा काढत बसलास, आणि घंटा झाली तेव्हा तुझ्या कागदावर झाडच नव्हते.

तुझी वहिनी ठणठणीत आहे. परवा रुपचंदच्या मुलीच्या लग्नात नाचली, वर मलाच म्हणाली की तुमचे गुडघे वाजतात. तुझी भुकटी ओली झाली असेल. धर्मशाळेच्या त्या खोलीत पाणी झिरपते, ते तू लिहायचे विसरलास.

एक विनंती. मोठीला पाहायला माणसे यायची आहेत. तो निळा कागद कोणाला दाखवू नकोस. डॉक्टरांना सांग, शेठ बघून घेतील.

तुझा,
भिकम

---

धुळे, ता. १९ फेब्रुवारी

भिकमचंद,

भुकटी ओली झाली तर ठिपके सगळ्या पाटीवर पडतात, एका जागी जमून बसत नाहीत. मुलाम्याला ओरखडा असेल तर रेघ येते, फाटे येत नाहीत. तरीही मी तीच पाटी पुसून पुढच्या बाईवर वापरली होती, तो छाप काढून पाहिला. स्वच्छ. पानाच्या शिरा काढणाऱ्याला तू हे सांगतोस.

वहिनी नाचल्या म्हणतोस. या रोगात बाई नाचते, दळते, पाणी भरते. दुखत नाही, तीच तर पंचाईत आहे. तू घाबरला आहेस आणि थट्टेत लपवतो आहेस, एवढे मला कळते. शाळेत छडी खायच्या आधी तू असाच विनोद करायचास.

तुला जमत नसेल तर वहिनींचे भाऊ सुभाषचंद इथेच दुकान करतात. पुढच्या सोमवारी मी त्यांच्याकडे जातो आणि बहिणीचा कागद त्यांच्यापुढे ठेवतो.

जीवराम

---

जळगाव, ता. २२ फेब्रुवारी

जीवा,

सुभाषचंदकडे जाऊ नकोस. हे वाचून चुलीत घाल.

ती तुझी वहिनी नव्हती.

त्या सकाळी प्रेमकुंवर तयार होऊन बसली होती. आईने दारात हात आडवा घातला. म्हणाली, "आमच्या घरची सून परक्या माणसाच्या मशीनपुढे पोलके काढणार नाही. तुला भाषण करायचे ते कर." तिकडे मंडपात बाया बसलेल्या. शेठाणी गेली तर आम्ही जाऊ, असे त्यांचे आधीपासून. आणि पहिली तपासणी माझ्या घरची, हे मी आदल्या दिवशी पाहुण्यांसमोर बोलून बसलेलो.

मग आईनेच तोड काढली. आमच्याकडे कुंदाबाई धुणे-भांडी करते. पारोळ्याकडची आहे, नवऱ्याने टाकलेली. उंचीने प्रेमकुंवरएवढी. तिला आतल्या खोलीत नेऊन प्रेमकुंवरची ओढणी घातली, हातात चूडा चढवला, घूंघट खालपर्यंत ओढला. तोंड उघडायचे नाही, फोटो काढून यायचे, एवढेच सांगितले. तिला मौज वाटत होती. "माले शेटाणी बनाडं," म्हणत आरशात पाहून हसली.

तेव्हा ती सावली कुंदाबाईची आहे. तुझे पहिले पत्र वाचून, खरे सांगतो, मी मंदिरात जाऊन नारळ ठेवून आलो.

आता तू ठरव. बाई बदलली म्हणून डॉक्टरांना सांगितलेस तर समाजात माझे नाक जाते. आणि तुझा जळगावचा गठ्ठा बाद होतो. हे तूच लिहिले आहेस, मी नाही.

भिकम

---

धुळे, ता. ३ मार्च

भिकमचंद,

तू माझ्यापुढे मोलकरीण बसवलीस आणि मी तिच्या हातांचे कौतुक लिहून पाठवले. याची लाज मला जन्मभर वाटेल.

मी कॉलेज पाहिले नाही. एक्स-रेची इंग्रजी पुस्तके शब्दकोश पुढ्यात ठेवून वाचली. पाट्यांचा संच आला तेव्हा तो जोडता येणारा या जिल्ह्यात मी एकटा. तरी अहवालात माझे नाव घालावे की नाही, यावर डॉक्टरांनी मीटिंग घेतली. शेवटी म्हणाले, "जळगावचे काम स्वच्छ निघाले तर घालू, जीवराम." आणि जळगावचे काम तू असे केलेस.

मी पूर्ण विचार केला आहे, तो असा. कुंदाबाईला आत्ता आणले तर तीच सावली दुसऱ्या नावाने उमटेल. डॉक्टरांना माझ्यावर विश्वास नसला तरी त्यांना डोळे आहेत. तेव्हा अहवाल मुंबईला जाईपर्यंत, म्हणजे मेअखेरपर्यंत थांबायचे. नंतर ती स्वतःच्या नावाने येईल. मी स्वतः तपासणी करीन, ऑपरेशन फुकटात करवून देईन. हरभऱ्याची गाठ तेवढ्यात फार तर वाटाण्याएवढी होईल.

तोवर तिला काही सांगू नये. सांगितले तर भिईल, चार जणींत बोलेल, आणि उपचार राहतील बाजूला. यात तिचेच भले आहे. वहिनींनी मात्र अधूनमधून सहज म्हणून तिच्या काखेत हात लावून पाहावा आणि काय लागते ते मला नेमके कळवावे. नेमके म्हणजे आकार, हलते की नाही, कठीण की मऊ.

जीवराम

---

जळगाव, ता. १८ एप्रिल

जीवा,

तुझ्या वहिनीला तुझा निरोप सांगितला. काखेत हात लावायला ती तयार नाही. म्हणाली, "आणि मला लागले, तर मी तिला काय सांगू, ते आधी तुम्ही सांगा."  दोन दिवस ताट वाढून आत जायची.

कुंदाबाई मजेत आहे. काल अंगणात मला अडवून विचारते, "शेटजी, मना फोटू कसा उना?" जन्मात कधी फोटो काढलेला नाही तिचा. तोंडाचा काढला असे समजते. मी म्हणालो चांगला आला. तर म्हणे, "माले दखाडा ना. भाऊले धाडसू." भाऊ म्हणजे तोताराम, पारोळ्याला असतो. आई आतून ओरडली, भांडी पडलीत म्हणून, तेव्हा गेली.

डाव्या हाताने हंडा उचलत नाही, उजव्याने उचलते. आईला वाटते कामचोरपणा. मी काही बोललो नाही. तूच म्हणालास, बोलू नये.

मोठीचे जमले. दिवाळीनंतर लग्न. तुला यायचे आहे.

तुझा,
भिकम

---

धुळे, ता. २ जुलै

प्रिय भिकमचंद,

अहवाल गेला. कच्ची प्रत परत आली, ती मी पाहिली. शेवटच्या पानावर आहे: 'पाट्यांचे काम: श्री. जीवराम चौधरी'. माझ्या नावाच्या आधी श्री. लावले आहे.

पण मुंबईने एक शंका काढली आहे. फिल्मला न दिसलेली आणि पाटीला दिसलेली सावली सगळ्या खानदेशात एकच, सौ. प्रेमकुंवर यांची. ती गाठ काढून, काचेखाली पाहून रोग ठरला का, असे विचारतात. ठरला असेल तर पाटी सरस. ठरला नसेल तर ती खोटी सावली, म्हणजे पाटीची चूक. बाकी सगळ्यात दोन्ही बरोबरीने आहेत. डॉक्टर मला रोज विचारतात, "तुमच्या त्या शेठाणी कधी येणार?"

म्हणून कुंदाबाईला कुंदाबाई म्हणून आणून आता भागत नाही. ती प्रेमकुंवर म्हणूनच आली पाहिजे. तीच ओढणी, तोच चूडा. भूल दिल्यावर टेबलावरच्या बाईला कोणी नाव विचारत नाही. नवरा म्हणून सही तू करायची. मी आत असेन, घूंघट सरकणार नाही हे पाहीन. तुझे झाकलेले झाकलेले राहते, पाटीचा निकाल लागतो, आणि ती बाई वाचते. हात उचलत नाही म्हणतोस, तेव्हा आता उशीर नको. पुढच्या बुधवारी आण.

तुझा,
जीवराम

---

जळगाव, ता. ९ जुलै

जीवा,

तुझे डोके फिरले आहे. धुळ्याची बातमी जळगावात यायला एस. टी. लागत नाही. शेठाणीची छाती कापली म्हटल्यावर माझ्या मोठीचे जमलेले मोडेल, आणि धाकटीला कोणी दारात उभे करणार नाही. आईचा रोग लेकीत उतरतो म्हणतात. तुझ्या पुस्तकातही असेल.

डॉक्टरांना मी परस्पर लिहून टाकले आहे: पत्नीला मुंबईस मोठ्या डॉक्टरांना दाखवले, काही निघाले नाही, प्रकृती उत्तम, आपल्या काळजीबद्दल आभारी आहे. टपाल कालच गेले.

कुंदाबाई कामावर नाही. पितळेचा हंडा तिच्या हातातून सुटला, आईच्या पायाशी पडला. आईने त्याच दिवशी तोतारामला बोलावून तिला पारोळ्याला पाठवले. जाताना विचारत होती, "माले काय व्हयेल शे? दुखस नई, नुसतं जड लागस." तुझ्या वहिनीने तिला ती ओढणी देऊन टाकली. नंतर बराच वेळ मोरीत जाऊन हात धूत होती.

तुला वाटले तर तिला पारोळ्याहून आणून तिच्या नावाने कापून घे. मी कुठे अडवले आहे? पण मग तुझ्या पाटीला त्याचा उपयोग नाही, हेही मला कळते.

नाव छापून आले, अभिनंदन.

भिकम

---

धुळे, ता. २४ नोव्हेंबर

भिकमचंद,

तुझ्या मुलीच्या लग्नाला येणार नाही. कारण लिहितो.

डॉक्टरांना गेलेल्या तुझ्या पत्रावर विसंबून अहवालात छापले गेले की निळ्या पाटीने एक खोटी सावली दाखवली. फिल्म सरस ठरली. माझे नाव त्याच अहवालात, त्या वाक्याच्या खाली. दिवाळीआधी संच परत मागवला. खोकी मी बांधली, भुसा मी भरला, प्रत्येक पाटी कापडात गुंडाळून दिली. डॉक्टर म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, नव्या वस्तूंचे असेच असते."

तेव्हा मी ठरवले की ती बाई नावासकट डॉक्टरांपुढे उभी करायची. तुझे नाक गेले तर जाऊ दे, माझा गठ्ठाही जाऊ दे. पाटी चुकली नव्हती, हे कळले पाहिजे. काल सुनंदाबाई सिस्टरना बरोबर घेतले, तो छाप घेतला आणि पारोळ्याला गेलो.

तोतारामचे घर किल्ल्याच्या मागच्या बाजूला आहे. तिला मागच्या पडवीत ठेवले आहे, वासामुळे. त्याची बायको भाकरी उंबऱ्यावर ठेवून जाते. आम्ही शेठजींकडून आलो असे ऐकल्यावर कुंदाबाई उठून बसली आणि पदर पुढे ओढला. मी तिला पहिल्यांदाच पाहिले. म्हणजे तोंड. सिस्टरनी पदर बाजूला केला. मी छाप शेजारी धरला. डावी बाजू, वरचा बाहेरचा भाग. जागा तीच, बोटभरही फरक नाही. आता तिथे गाठ नाही, उघडी जखम आहे, मूठ मावेल एवढी. काखेत आहे, मानेतही आहे.

सिस्टर म्हणाल्या, "हिला आता धुळ्याला नेऊन काय करायचे, जीवरामभाऊ?"

मी म्हणालो, "जागा बघा, सिस्टर. बरोबर तीच आहे."

त्या उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. 

आज सकाळी डॉक्टरांना सगळे सांगितले, तुझे नाव न झाकता. त्यांनी शांतपणे ऐकले. म्हणाले, "अहवाल छापून वाटून झाला, जीवराम." मग म्हणाले, "आणि हे तुम्हाला फेब्रुवारीपासून माहीत होते?" या प्रश्नाचा पाटीशी काही संबंध नव्हता, म्हणून मी उत्तर दिले नाही.

एक राहिले. आम्ही निघालो तेव्हा कुंदाबाईने मला थांबवले. "शेटाणीनी बलावं का माले? हात बरा व्हयना की येसू." तोताराम माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी हो म्हणालो, बोलावले आहे.

जीवराम

---

जळगाव, ता. ६ डिसेंबर

जीवराम यास,

तू हो म्हणायला नको होतेस.

तोतारामने तुझा शब्द खरा धरला. गुरुवारी सकाळी बैलगाडीत गोधडी घालून तिला घेऊन आला. मागच्या दारी उतरवली. घरात लग्नाचे पाहुणे, अंगणात हलवाई बसलेले. आईने दार लावून घ्यायला सांगितले. तुझ्या वहिनीने ऐकले नाही. तिला आत आणून तुळशीच्या कट्ट्याला टेकवून बसवले, आपल्या पेल्यात चहा दिला. नवी बाई, आम्ही पिंप्राळ्याहून ठेवलेली, तिथेच भांडी घासत होती. कुंदाबाई तिच्याकडे बघत राहिली. "ती कोन शे?" म्हणून विचारले.  मीच सांगितले, लग्नापुरती ठेवली आहे. मग तिने चहा घेतला.

पाहुण्यांना वास यायला लागला, म्हणून जेवणाच्या आधी गाडी परत लावली. दुसऱ्या दिवशी तोतारामचा निरोप आला. तेराव्याला लागेल ते सामान माझ्या दुकानातून जाईल. हे कोणी मागितलेले नाही, मीच पाठवतो आहे.

यापुढे पत्र लिहू नकोस. तुला सगळे नेमके लागते, म्हणून एवढे शेवटचे कळवतो. गेली ती दुपारी, एरंडोलच्या अलीकडे, चालत्या गाडीत. एरंडोलला तिने हाकेला ओ दिली नाही ती तोतारामला झोप वाटली; कळले ते पारोळ्यात उतरवताना.

भिकमचंद